कोरडे सख्य

ग्रंथावर श्रद्धा ठेवणारा मनुष्य आणि ग्रंथ जमविणारा मनुष्य यांचे सहसा सूत जुळत नाही. एकाला पोथीतील वचन हवे असते, दुसऱ्याला पोथी. एकाच्या मते तिच्यावर पडलेले बुक्क्याचे आणि तेलाचे डाग हे तिचे भाग्य असते, तर दुसऱ्याच्या मते अक्षरे झाकणारी ती एक आपत्ती असते. आमच्या अर्धापुरात केशवराजाच्या मूर्तीपुढे नित्य हात जोडणारे शेकडो सापडतील. परंतु ज्या राष्ट्रकूटवंशीय बल्लाळाचे नाव या गावच्या संस्कृत शिलालेखाने आठ शतके जपून ठेवले, त्याची विचारपूस करणारे फारच थोडे, आणि जे थोडे आले ते ठसा घेण्याचा कागद व शाई घेऊन दगडासमोर बसले म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या भाविकांच्या चेहऱ्यावर जो सौम्य संशय उमटतो, तो मी पाहिलेला आहे. देवाचे माप घ्यायचे नसते, ही त्या संशयामागची भावना. आणि माप घेतल्यावाचून देव कोणत्या काळचा हे कळावे कसे, ही मोजणाऱ्याची अडचण. दोघेही आपापल्या ठिकाणी खरे असतात, आणि बहुधा त्यामुळेच ते एकमेकांशी बोलत नाहीत.

या पार्श्वभूमीवर विल्यम कॅरे आणि हेन्री टॉमस कोलब्रुक या दोन इंग्रजांचा सहवास मला दीर्घकाळ विचारात पाडीत आला आहे. कॅरेचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात व्याकरणकार आणि कोशकार म्हणून येते, कोलब्रुकचे नाव संस्कृत विद्येच्या इतिहासात येते, आणि दोघांची दप्तरे वेगवेगळ्या कपाटांत ठेवली गेल्यामुळे ही दोन माणसे एका विद्यालयात, आणि पुष्कळदा एकाच छापखान्याच्या मुद्रितांवर मान घालून बसलेली होती, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यांच्या संबंधाला मी बुद्ध्याच सख्य म्हणतो. त्यात जिव्हाळ्याची पत्रे नाहीत, सणावारी परस्परांकडे जाणे-येणे नाही, डोळ्यांत पाणी आणणारा प्रसंग तर मुळीच नाही. ते कोरडे सख्य होते. पण ते टिकाऊ होते, आणि मराठीच्या पदरात त्याने काही टाकले आहे.

कॅरे हा १७६१ मध्ये नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात जन्मला. बाप गावच्या देवळात कारकुनी करी व शाळा चालवी. मुलगा जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवार म्हणून राहिला आणि ऐन तारुण्यात राजमान्य चर्च सोडून बाप्टिस्ट पंथात गेला. असे पंथ सोडलेल्यांना इंग्लंडात नॉन-कन्फॉर्मिस्ट म्हणत. त्यांच्यावर कोणी तलवार उगारीत नसे, परंतु राज्याच्या कागदोपत्री ते दुय्यम प्रजा होते: ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी त्यांना मिळत नसे आणि सरकारी अधिकारपदांच्या वाटेवर १८२८ पर्यंत कायद्याची आडकाठी होती. महानुभावांनी आपली पोथी सांकेतिक लिपीत का दडविली, हे ज्यांना माहूरच्या परिसरात राहून ठाऊक आहे, त्यांना अशा पंथीयांच्या मनातील ताठरपणा आणि अंतर्मुखता वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. जोडे शिवता शिवता हा मनुष्य लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकला. पुढे गव्हर्नर जनरलच्या मेजवानीत कोणा लष्करी अधिकाऱ्याने याला ऐकू जाईल अशा आवाजात, हा पूर्वी जोडे करणारा होता ना, अशी पृच्छा केली तेव्हा, करणारा नव्हे, केवळ दुरुस्त करणारा, असे उत्तर त्याने दिले म्हणून सांगतात. आख्यायिका असेल; परंतु ज्या देशात चामड्याला हात लावणाऱ्याच्या कानी संस्कृत शब्द पडू नये असा दंडक होता, त्या देशात येऊन हा मनुष्य संस्कृताचा अध्यापक झाला, ही गोष्ट आख्यायिका नव्हे.

कोलब्रुकचे सर्व उलट. बाप बॅरोनेट, पेढीवाला, ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष. पुढे त्याचे दिवाळे वाजले ती गोष्ट निराळी. मुलगा अठरा वर्षांचाही पुरता झाला नव्हता तोच कंपनीचा नोकर म्हणून हिंदुस्थानात आला, आणि तिरहूत, पूर्णिया, नाटोर, मिर्झापूर अशा ठिकाणी महसूल व न्याय ही कामे करीत असता प्रथम गणित-ज्योतिषाच्या ओढीने आणि मग न्यायदानाच्या गरजेने संस्कृताकडे वळला. १७९९ मध्ये तो कंपनीचा वकील म्हणून नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी रवाना झाला. दुसऱ्या रघुजीला इंग्रजांच्या तहात ओढावे हा त्या वकिलातीचा हेतू होता. निजामाने आदल्याच वर्षी तैनाती फौज मान्य केली होती, आणि तीच गळ नागपूरला टाकावयाची होती. रघुजीने ती गिळली नाही. दोन वर्षे दरबारात बसून कोलब्रुक १८०१ मध्ये रिकाम्या हातांनी परतला, असे राजकारणाचा इतिहास लिहिणारे म्हणतात. मला ते खरे वाटत नाही. पोथ्या, कोश आणि व्याकरण यांचा व्यासंग त्या दोन वर्षांत खंडला नव्हता, आणि मराठी मुलखाशी व मराठी पंडितवर्गाशी त्याचा प्रत्यक्ष परिचय झाला तो तेथेच.

या दोघांना एकत्र आणले ते गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने, आणि तेही धर्मासाठी वा विद्येसाठी नव्हे. कंपनीच्या कोवळ्या कारकुनांना देशी भाषा याव्यात म्हणून १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. कोलब्रुक तेथे हिंदू धर्मशास्त्र व संस्कृत यांचा मानद प्राध्यापक झाला. कॅरे १८०१ मध्ये बंगाली व संस्कृत शिकविण्यास दरमहा पाचशे रुपयांवर नेमला गेला, परंतु प्राध्यापक म्हणून नव्हे. राजमान्य चर्चचा नसलेल्या मनुष्यास ती पदवी देण्यास कॉलेजचे नियम आड येत होते. तो केवळ शिक्षक. १८०७ मध्ये प्राध्यापकपद आणि हजार रुपयांचा मुशाहिरा मिळेपर्यंत सहा वर्षे गेली. ते रुपये तरी त्याच्या घरी कोठे जात होते? सेरामपूरच्या मिशनातील माणसे एकत्र कुटुंबासारखी राहत, आणि प्रत्येकाची मिळकत सामाईक तिजोरीत पडे. हे सेरामपूर म्हणजे हुगळीच्या काठचे, डेन्मार्कच्या राजाच्या अंमलातील. कंपनी स्वतःच्या मुलखात पाद्र्यांना थारा देत नव्हती. १७९३ मध्ये कॅरे हिंदुस्थानात आला तोही डॅनिश जहाजातून, विनापरवाना, आणि पहिली काही वर्षे त्याने निळीच्या कारखान्यावर देखरेख करून काढली. १८०० च्या आरंभी तो सेरामपुरात आला. म्हणजे परकीय राजाच्या आश्रयास राहावे आणि नदी ओलांडून ज्या सरकारने आश्रय नाकारला त्याच सरकारच्या कारकुनांना शिकवावे, असा हा विलक्षण बेत होता.

सख्याची सुरुवात मात्र एका भांडणाने झाली, आणि ती मला फार आवडते. त्या काळी बंगालमध्ये अक्षरांचे ठसे कोरणारा निष्णात कारागीर होता तो पंचानन कर्मकार. चार्ल्स विल्किन्स या इंग्रज मुद्रकाच्या हाताखाली तो तयार झालेला. विल्किन्स मायदेशी गेल्यावर हा पंचानन कोलब्रुकच्या पदरी होता. सेरामपुरास छापखाना घालावयाचा तर ठसे हवेत, ठशांसाठी पंचानन हवा. तेव्हा कॅरेने थोड्या दिवसांकरिता म्हणून तो कोलब्रुककडून उसना मागितला. उसना आलेला पंचानन परत गेला नाही. डॅनिश अंमलाच्या आडोशाने सेरामपूरकरांनी त्याला जवळजवळ अटकेतच ठेवले, ही हकीकत अ. का. प्रियोळकरांनी हिंदुस्थानातील मुद्रणाचा इतिहास लिहिताना नोंदविली आहे. बायबल घरोघर पोहोचविण्यासाठी घरदार सोडून आलेल्या सत्त्वशील मनुष्याने दुसऱ्याचा कारागीर दाबून ठेवावा, आणि तेही ज्याच्या सद्भावावर पुढची पंधरा वर्षे अवलंबून राहावयाचे त्याचा! श्रद्धावान माणसांच्या अंगी क्वचित असा एक निर्लज्जपणा असतो. कार्य ईश्वराचे आहे अशी एकदा खात्री पटली म्हणजे शेजाऱ्याची शिडी परत करण्याची त्यांना घाई वाटत नाही. संग्राहकाला या बाबतीत नावे ठेवण्याचा अधिकार आहे असेही नाही, कारण उसने आणलेली पोथी परत न करण्याची विद्या तर त्याच्याच घराण्यात वाढली. पंचानन आणि त्याचा जावई मनोहर यांच्या हातून पुढे नागरी आणि इतर कितीतरी लिप्या धातूत उतरल्या, आणि ज्याच्या पदरचा माणूस गेला तोच कोलब्रुक त्या माणसाने घडविलेल्या अक्षरांत आपली पुस्तके छापून घेऊ लागला.

त्यांतील पहिले पुस्तक हितोपदेशाचे. १८०४ मध्ये सेरामपुरास मूळ संस्कृत हितोपदेश छापून निघाला. संपादन कॅरेचे, प्रस्तावना कोलब्रुकची. त्यापूर्वी १७९२ मध्ये संस्कृतज्ञ सर विल्यम जोन्सने ऋतुसंहार छापविले होते, परंतु ते बंगाली लिपीत. नागरी ठशांत छापलेल्या संस्कृत ग्रंथांत सेरामपूरच्या या पुस्तकाचे स्थान अगदी आरंभीचे आहे. त्याच बांधणीत दशकुमारचरिताचा एक संक्षेप आणि भर्तृहरीची तीन शतके होती. तिन्ही, म्हणजे शृंगारशतकही. रविवारी उपदेश करणाऱ्या आणि मद्य, नाच, नाटक यांच्या सावलीसही उभे न राहणाऱ्या बाप्टिस्टांच्या छापखान्यात जुळारी भर्तृहरीचे शृंगाराचे श्लोक जुळवीत बसला आहे, आणि मुद्रिते कॅरे गंभीरपणे तपासतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे त्या माणसाविषयी आदर वाढतो. भर्तृहरीला मराठीत आणणाऱ्या वामन पंडितास परंपरा नांदेडच्या शेष घराण्याशी जोडते. तेव्हा आमच्या गोदाकाठच्या वाचकाने या बाप्टिस्ट भर्तृहरीकडे अगदी परकेपणाने पाहण्याचे कारण नाही. १८०८ मध्ये कोलब्रुकने इंग्रजी अर्थ व टिपा देऊन सिद्ध केलेला अमरकोश निघाला, तोही सेरामपुरासच. दरम्यान कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी आणि कॉलेज यांच्याकडून दरमहा नेमणूक मिळून कॅरे व त्याचा मिशनातील सहकारी मार्शमन यांनी वाल्मीकी रामायण भाषांतरासह छापण्यास घेतले, आणि त्याचे तीन खंड १८०६ ते १८१० या काळात बाहेर पडले. कॅरे सोसायटीचा सभासद झाला आणि कोलब्रुक तिचा अध्यक्ष झाला, दोन्ही गोष्टी १८०६ मधील.

रामायण छापण्यात कॅरेचा हेतू निर्मळ विद्याप्रेमाचा होता असे कोणी समजू नये. बायबलच्या भाषांतरांना पैसा हवा होता, आणि रामायणाच्या नेमणुकीतून तो उरत होता. शिवाय या ग्रंथांवरचे गूढतेचे वलय छापील पानाने उडून जाईल आणि लोक सत्यधर्माकडे वळतील, असाही त्याचा विश्वास होता. पुढे काय झाले ते आपण जाणतोच: छापून स्वस्त झालेले रामायण घरोघर गेले आणि वाल्मीकीच्या श्रोत्यांत भरच पडली. उलट कोलब्रुकच्या मनात प्रसाराचा आवेश नव्हता, पण पूजेचा भावही नव्हता. १८०५ मध्ये त्याने वेदांवर जो निबंध लिहिला त्यातून युरोपास चारही वेदांची पहिली भरवशाची ओळख झाली. आणि त्याच निबंधाच्या शेवटी, एवढ्या विस्ताराचे संपूर्ण भाषांतर करण्याचे कष्ट वाचकालाही फळणार नाहीत, मग भाषांतरकर्त्याची गोष्टच नको, असा थंड अभिप्राय त्याने नोंदवून ठेवला. शेकडो पोथ्यांच्या नकला करवून घेणारा मनुष्य असे म्हणतो! अभिप्रायाशी मी सहमत नाही. पण ज्याला त्या राशीतून काही सिद्ध करावयाचे नव्हते त्यालाच ती रास नीट रचून ठेवता आली, हे मात्र कबूल केले पाहिजे.

दोघांच्या स्वभावांतील अंतर सतीच्या प्रश्नावर जितके उघडे पडते तितके अन्यत्र नाही. कोलब्रुकचा पहिला शोधनिबंध १७९५ चा, आणि त्याचा विषय पतिव्रता विधवेची कर्तव्ये. स्मृती व निबंधग्रंथ चाळून सहगमनाचा विधी, संकल्प, मंत्र, अपवाद ही सारी सामग्री त्याने एखाद्या दिवाणी खटल्याच्या कैफियतीसारखी मांडली. आसवे नाहीत, निषेध नाही. त्यानंतर चार वर्षांनी, १७९९ मध्ये, कॅरेने बंगालच्या एका प्रवासात नदीकाठी चिता रचलेली पाहिली. तो थांबला, विधवेची विनवणी केली, जमलेल्यांना ही हत्या आहे असे तोंडावर सांगितले, आणि लोकांनी त्याला वाटेला लावले. त्या दिवसापासून तीस वर्षे तो या प्रश्नाच्या मागे होता. ४ डिसेंबर १८२९ रोजी गव्हर्नर जनरल बेंटिंकने सतीबंदीचा कायदा केला आणि बंगाली भाषांतरासाठी तो कॅरेकडे आला तेव्हा रविवार होता. रविवारच्या उपासनेला ज्याने आयुष्यात फाटा दिला नाही अशा या माणसाने, आपण एक तास विलंब लावला तर कोणा एकीचा जीव जाईल, असे म्हणून व्यासपीठावर दुसऱ्यास उभे केले आणि दिवसभर लेखणी चालविली.

येथे कॅरेच्या बाजूस उभे राहणे सोपे आहे, आणि मी उभा राहतोच. चितेजवळ पोथी उघडणाऱ्यापेक्षा हात धरणारा मोठा. परंतु कायद्याला जी भूमी लागली ती केवळ करुणेची नव्हती. सहगमन हे नित्य कर्तव्य नसून ब्रह्मचर्याने राहणे हाही शास्त्रमान्य, किंबहुना श्रेष्ठ मार्ग आहे, हे फोर्ट विल्यमच्याच मृत्युंजय विद्यालंकारांसारख्या पंडितांनी आणि नंतर राममोहन रायांनी ग्रंथांच्या आधारे मांडले, तेव्हा सरकारला धीर आला. आणि ग्रंथ काय म्हणतात हे आवाज न चढविता पाहण्याची जी शिस्त त्या काळी कलकत्त्यात रुळली, तिला कोलब्रुकचे वळण होते. त्याच्या पहिल्या निबंधातील थंडपणा मला आजही बोचतो. तो नसता तर बरे झाले असते असे मात्र म्हणवत नाही.

आता तिसऱ्या माणसाकडे वळले पाहिजे, कारण या सख्याच्या वर्णनात त्याला नेहमी दाराबाहेर ठेवले जाते. तो म्हणजे नागपूरचा वैजनाथ पंडित. १८०३ मध्ये आमच्या मराठवाड्यातील असईच्या रणांगणावर शिंदे आणि भोसले यांच्या फौजा वेलस्लीच्या धाकट्या भावाने मोडल्या. मराठी मुलूख हाताशी येणार हे दिसू लागताच मराठी जाणणारे अंमलदार घडविण्याची निकड कंपनीला भासली, आणि १८०५ मध्ये कॅरेचे मराठी व्याकरण सेरामपुरास छापून निघाले. जन्मात मराठी मुलखात पाऊल न टाकलेल्या माणसाने मराठीचे व्याकरण लिहिले ते कशाच्या बळावर? वैजनाथाच्या. तो कॉलेजातील मुख्य मराठी पंडित होता. १८१० चा कॅरेकृत कोश, ज्यातील मराठी शब्द मोडी ठशांत आहेत, त्याच्याच साहाय्याने झाला. सिंहासनबत्तिशी, हितोपदेश, राजा प्रतापादित्याचे चरित्र आणि रघुजी भोसल्यांची वंशावळी ही १८१४ ते १८१६ च्या सुमारास मोडीत छापलेली मराठी गद्य पुस्तके त्या वर्तुळातून आली. ज्या भोसल्यांच्या दरबारी कोलब्रुक वकील म्हणून बसून हात हलवीत परतला, त्यांचीच वंशावळी कॅरेच्या छापखान्यात वैजनाथाच्या भाषेत अवतरली. मराठी गद्य छापखान्यात शिरले ते हुगळीकाठी, पुण्यात नव्हे आणि पैठणातही नव्हे, हे पुष्कळांना रुचत नाही. त्या गद्याची ढब ओबडधोबड आहे हेही खरे. तरीही घरापासून शेकडो कोस दूर, म्लेंच्छांच्या मेजाशी बसून, जातीच्या निंदेची पर्वा न करता आपली भाषा परक्याच्या कानात घालणाऱ्या त्या नागपूरकर ब्राह्मणाचे नाव आपल्या शाळांतून मुलांना सांगितले जात नाही, याची मला खंत आहे.

कोलब्रुकच्या कामाचे धागे तर आमच्या भागात आणखी खोल शिरतात. १८१० मध्ये त्याने धर्मशास्त्रातील दायभाग आणि मिताक्षरेचे वारसा प्रकरण यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या पदरचा पंडित. ती कल्याणी म्हणजे लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेले बसवकल्याण, आणि त्याच चालुक्यांच्या काळातील देवळे नांदेड जिल्ह्यात होट्टल-करडखेडला आजही उभी आहेत. आमच्या शेजारी लिहिलेला ग्रंथ सात शतकांनी कलकत्त्यात इंग्रजीत गेला आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापर्यंत अदालतींत बापलेकांचे आणि भाऊबंदांचे तंटे त्याच्या आधाराने तुटत राहिले. सदर दिवाणी अदालतीत न्यायाधीश म्हणून बसणाऱ्या माणसाने हे भाषांतर केले, म्हणून त्यात पंडिताच्या तोंडाकडे न पाहता निवाडा देता यावा ही गरज स्पष्ट दिसते. त्याने संस्कृत व्याकरण लिहिले ते भट्टोजी दीक्षिताच्या कौमुदीच्या आधाराने. आणि भट्टोजीचा गुरू शेषकृष्ण हा नांदेडहून काशीस गेलेल्या शेषांच्या घराण्यातला. १८१७ मध्ये लंडनला त्याने भास्कराचार्यांची लीलावती व बीजगणित इंग्रजीत छापले. भास्कराचार्यांचे विज्जलवीड म्हणजे आमचे बीड, असे हिरिरीने सांगणारे मराठवाड्यात आहेत. मी त्या वादात पडत नाही, पण त्यांचा उत्साह मला अप्रिय नाही.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागदाची कोठारे, चौदा भाषांतील ठसे, रामायणाच्या भाषांतराची पुढील हस्तलिखिते, आणि कॅरेने वर्षानुवर्षे जुळवीत आणलेल्या बहुभाषी संस्कृत कोशाची सामग्री भस्मसात झाली. कॅरे त्या रात्री कलकत्त्यास होता. मुद्रणयंत्रे वाचली, आणि राखेतून अक्षरांचे पंच व साचे बाहेर निघाले. म्हणजे पंचानन-मनोहरांच्या हातचे काम विस्तवातूनही टिकले. इंग्लंडातील पंथबंधूंनी वर्गणी गोळा करून नुकसान थोड्या महिन्यांत भरून काढले. जळालेला कोश मात्र पुन्हा उभा राहिला नाही. कॅरेने त्याचा शोक फार काळ केला नाही, ईश्वराची इच्छा म्हणून तो दुसऱ्या आठवड्यात कामाला लागला. आणि संग्रहवृत्तीच्या माणसाला हे सहज मान्य करता येणार नाही. पोथी जळाली तर ईश्वराची इच्छा म्हणता येण्याइतकी मोकळीक ज्याच्यापाशी नसते, तोच संग्राहक होतो.

दोघांना जोडणारा आणखी एक विषय होता, तो वनस्पतींचा. कॅरेने सेरामपुरास बाग केली, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या ग्रंथांचे संपादन केले, १८२० मध्ये शेती व उद्यानविद्येची संस्था काढली. कोलब्रुकही वनस्पतींवर लिहीत असे. कुंभा म्हणून आपण ज्या वृक्षाला ओळखतो त्याला शास्त्रज्ञांनी कॅरेया हे नाव दिले, आणि कोलब्रुकिया हे एका झुडुपाचे नाव आहे. सह्याद्रीच्या रानात ही दोन्ही वाढतात; धर्माचा आणि शास्त्रार्थाचा प्रश्न जेथे येत नाही अशा ठिकाणी हे दोघे अधिक मोकळे होत असतील, असा माझा तर्क आहे.

१८१४ मध्ये पत्नी वारली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कोलब्रुक हिंदुस्थान सोडून गेला. १८१९ मध्ये त्याने आपला २,७४९ हस्तलिखितांचा संग्रह कंपनीच्या ग्रंथालयास देऊन टाकला, १८२३ मध्ये लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटी स्थापन करण्यात पुढाकार घेतला, आणि शेवटची वर्षे दृष्टी गेलेल्या अवस्थेत अंथरुणावर काढून १८३७ मध्ये तो मरण पावला. कॅरे एकदाही मायदेशी परतला नाही. एक्केचाळीस वर्षे बंगालमध्ये राहून ९ जून १८३४ रोजी सेरामपुरास त्याने देह ठेवला. दोघांपैकी कोणी दुसऱ्याला आपल्या मताकडे ओढल्याचे दिसत नाही. कोलब्रुक अधिक भाविक झाला नाही, कॅरेच्या मनातून मूर्तिपूजेविषयीचा तिटकारा गेला नाही, आणि त्या तिटकाऱ्यात जे अज्ञान आणि अहंकार होते त्यांचे समर्थन करण्याची मला इच्छा नाही. पण हेतू जुळेपर्यंत थांबले असते तर नागरी ठशांतील हितोपदेश निघाला नसता, अमरकोश निघाला नसता, आणि वैजनाथाला मोडीत मराठी छापण्याची संधी कोणी दिली असती असे वाटत नाही. आपल्याकडे मैत्री जमण्यापूर्वी माणसे एकमेकांचे हेतू तपासून घेतात, आणि तपासता तपासता आयुष्य संपते.

अशा कोरड्या सख्याची गरज आमच्याकडे आजही आहे. अर्धापूर, नांदेड, कंधार, औसा, उदगीर या भागांत जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून बस्ते आहेत: मोडी कागद, निजामी अमदानीतील फारसी-उर्दू सनदा, पोथ्यांची बाडे. घराची वाटणी झाली किंवा वाडा पाडावयास काढला म्हणजे सश्रद्ध माणसे जीर्ण पोथ्या गोदेत सोडतात, आणि ती श्रद्धा खोटी नाही. परंतु पाण्यात गेलेले पान परत वाचता येत नाही. ज्यांच्या घरी असा बस्ता असेल त्यांनी तो गोदेवर नेण्यापूर्वी एकदा मोडी वाचणाऱ्या माणसापुढे उलगडावा, छायाचित्रे काढून नांदेडच्या विद्यापीठाकडे किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारणा करावी, आणि मग घरातील वडीलधारे सांगतील त्याप्रमाणे त्याची व्यवस्था करावी.